वर्षभर काही होत नाही

सरला गेल्याचं कळलं तेव्हा माझे दोन्ही हात ओल्या प्लॅस्टरमध्ये होते. खडोलीहून आणलेल्या एका चार वर्षांच्या मुलाच्या पायाला प्लॅस्टर घालत होते. पाऊल काटकोनात धरायचं आणि प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत सोडायचं नाही, सोडलं तर सगळी मेहनत पाण्यात. आमच्या मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून सरलाच्या चाळीतली शेजारीण म्हणाली, "मॅडम, जागृतीची मम्मी ऑफ झाली. सकाळी." आमच्या सिल्वासात माणूस वारत नाही, ऑफ होतं. मी बरं म्हणाले आणि पाऊल धरून राहिले. त्या मुलाची आई काहीतरी विचारत होती, तिला नीट उत्तरही दिलं. प्लॅस्टर घट्ट झाल्यावर हात धुवायला गेले आणि नळ तसाच सोडून किती वेळ उभी राहिले, ते आठवत नाही.

मी मूळची रत्नागिरीची. नवऱ्याला इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून सिल्वासात आले आणि गेली चौदा वर्षं आमलीतल्या एका लहानशा केंद्रात मुलांचे पाय ताणते. लोक त्याला मालिश म्हणतात, आणि मालिश म्हटलं की माझं डोकं फिरतं. ही मुलं जन्माच्या वेळी किंवा त्याआधीच मेंदूला इजा झालेली असतात. पायांच्या स्नायूंना सैल व्हा असा निरोप पोचतच नाही, ते सदा ताठ. हाडं वाढत राहतात, ताठलेला स्नायू मागे पडतो, आणि मूल आधी टाचा उचलतं, मग गुडघे वाकतात, मग एक दिवस उभं राहायचंच थांबतं. यावर गोळी घेतली आणि बरं झालं असा उपाय नाही. रोज ताणायचं, पायाला पट्ट्या बांधायच्या, आणि उद्या परत तेच. आई-बाप दोन महिन्यांत कंटाळतात. मी त्यांना हिंदीत, गुजरातीत आणि मराठीत ओरडते. खाष्ट मॅडम म्हणूनच मला इथे ओळखतात, आणि ते काही खोटं नाही.

सरलाला मात्र मला फक्त पहिल्या दिवशी ओरडावं लागलं. सहा वर्षांपूर्वी ती तीन वर्षांच्या जागृतीला घेऊन आली. सातव्या महिन्यात झालेली पोर, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. सरला साक्रीकडची, नवरा भरत मसाटच्या एका धाग्याच्या कंपनीत, बारा तासांची ड्यूटी. ती पिशवीत तेलाची बाटली घेऊन आली होती. ती बाटली मी तिच्यादेखत खिडकीत ठेवली आणि म्हणाले, तेल केसांना लाव, पाय कसे धरायचे ते मी शिकवते. मुलीला कडेवर घेशील तेव्हा दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून घे, मांड्या उघड्या राहतात, हेही त्याच दिवशी सांगितलं. भरतला शिकवायचं माझ्या मनातही आलं नाही. बाप इथे येत नाहीत, आले तरी मोबाइल बघत बाहेर बसतात, म्हणून मी आईलाच शिकवते. सगळ्यांनाच असं शिकवत आले... आणि ती सहा वर्षं तेवढंच धरून बसली. पोर नऊ वर्षांची झाली, लांबच लांब झाली, तरी सरला तिला तशीच कडेवर मारून रिक्षातून उतरायची. आता पुरे, असं तिला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही.

मधले काही महिने चांगले गेले, तेही लिहायला हवेत. वापीहून महिन्यातून एकदा येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी जागृतीच्या पोटऱ्यांत स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं. त्याचा असर तीनेक महिने राहतो आणि तेवढ्यात जे ताणून घ्यायचं ते घ्यायचं असतं. सरलाने ते तीन महिने एखाद्या परीक्षेसारखे काढले. गावी सख्ख्या भावाचं लग्न होतं, तिथेही गेली नाही, तिथे पट्ट्या कोण बांधू देईल, म्हणाली. एका सकाळी जागृती आमच्या समांतर दांड्यांना धरून उभी राहिली आणि तिच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. सरला खाली बसून नुसती टाचांकडे बघत होती. टाळ्या मी वाजवल्या, तिला ते सुचलंही नाही. नंतर असर उतरला, पोर उंच झाली, पुन्हा इंजेक्शन झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले की येत्या दिवाळीच्या सुट्टीत पोटरीची शीर लांब करण्याचं ऑपरेशन करू, मुलगी काठ्या घेऊन चालू शकेल, फक्त तोवर पाय आखडू देऊ नका. फक्त तोवर.

त्याच सुमारास सरला एकदा म्हणाली, "कंबर दुखस वो ताई थोडी." मी तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं की दुखणारच, नऊ वर्षांची पोर कडेवर घेऊन फिरतेस. कंबरेचा पट्टा दिला, तीन व्यायाम दाखवले. पाठीचं दुखणं हा माझा धंदा, ते मला कळतं असा माझा समज होता. दोन महिन्यांनी तिचा ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा मी चक्क थट्टा केली, बारीक झालीस गं, काय खातेस ते मलाही सांग. ती हसली. आठवड्यातून तीन दिवस ही बाई माझ्यासमोर बसत होती आणि मी तिच्या मुलीच्या पायांपलीकडे काही पाहिलं नाही. ती उठूच शकेना तेव्हा तपासण्या झाल्या. छातीत सुरू झालेला रोग कधीच मणक्यात उतरला होता. गाठ तिला माहीत होती. ऑपरेशन उरकल्यावर दाखवू, असं तिने शेजारणीला सांगितलं होतं... तिच्या मुलीचं ऑपरेशन.

मी तिला शेवटचं भेटले ते तिच्या खोलीत. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. जागृती बाजूच्या खाटेवर, गुडघे उंच करून. सरलाच्या अंगात हात उचलायचं त्राण नव्हतं, पण नजर त्या गुडघ्यांवर. मी उशी सारखी केली, इकडचं तिकडचं बोलले. तिने मला मध्येच थांबवलं.

"ताई, खरं सांगा. ताणलं नई त पाय किती दिवसमा आखडतील?"

खरं उत्तर मला पाठ आहे. वाढीच्या वयात काही आठवडे पुरतात, आणि ती पडून होती तेव्हाच त्यातले कितीतरी गेले होते. आजवर मी कुठल्या आईशी खोटं बोलले नाही, त्यासाठीच तर मला नावं ठेवतात. पण तिचा चेहरा बघवेना. मी म्हणाले, "वर्षभर काही होत नाही गं. तू झोप." तिने डोळे मिटले. दारात भरत चहाचे कप घेऊन उभा होता.

त्यानंतर चार दिवसांनी तो फोन आला. भरत मुलीला घेऊन गावी गेला. मी एकदा फोन केला, लागला नाही, आणि दुःखात असतील म्हणून पुन्हा केला नाही. आज सरलाला जाऊन दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात भरत जागृतीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन केंद्राच्या दारात उभा राहिला. गुडघे असे दुमडलेले की मी सरळ करायला गेले तर पोर किंचाळली. पायाच्या पट्ट्या चढेचनात. त्या इथे सिल्वासातच कपाटात राहिल्या होत्या, आणि गावी आजीने बिन आईच्या पोरीला छळायचं नाही म्हणून तिला मांडीवरून उतरू दिलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर भरतला वाटेल ते बोलले. तो माझं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तिले सांगं होतं ना, वर्षभर काही होत नई? मी त्या भरवशावर होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

काल वापीचे डॉक्टर बघून गेले. दिवाळीचं ऑपरेशन आता त्यांना जमणार नाही. गुडघ्यांचंही करावं लागेल, कधी ते सांगता येत नाही, आणि त्यानंतरही मुलगी उभी राहील असं ते म्हणाले नाहीत. ते गेल्यावर भरतने विचारलं, पाय किती दिवसांत सुटतील. मी यावेळी त्याच्याकडे बघून सांगितलं, "पहिल्यासारखे नाही सुटणार, भरतभाऊ." तो उठला, हात धुऊन आला आणि सतरंजीवर बसला, मला शिकवा म्हणाला. सहा वर्षांनी.

मी त्याला पाऊल कसं धरायचं ते दाखवलं, टाच तळव्यात, कोपर सरळ, आणि तीस आकडे मोजून सोडायचं. सगळ्यांना मी तीसच सांगते. त्याने कंपनीत यंत्राला लावावेत तसे हात लावले, बरोबर तीस मोजले आणि सोडलं. तेव्हा रडता रडता जागृती त्याला म्हणाली, "पप्पा, तीस नाही म्हणायचं. मम्मी एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस म्हणत राहते." मला हे माहीत नव्हतं. रोज प्रत्येक पायामागे सरला माझ्या तीस आकड्यांच्या पुढे थोडा वेळ चोरून घेत होती, आणि पोर ते ओळखून गप्प सोसत होती. भरतने पुन्हा पाऊल धरलं. जागृतीने स्वतःच मोजायला घेतलं, हुंदके देत, आईच्या हेलात. एकोणतीसवर आली आणि तिथेच राहिली... एकोणतीस... एकोणतीस... मी टाचेकडे बघत होते. ती तसूभरही हलत नव्हती, आणि तीस म्हणायला आम्हा तिघांपैकी कुणीच तयार नव्हतं.