सगळ्यांच्या मागचे भाऊजी

"तुमच्या त्या गोगलगाईंच्या मागे मी सायकल चालवणार नाही!" बँकेतला कारकून आमच्या दारात तावातावाने बोलत होता.

"मग गट फुटला म्हणायचा," आमचे धाकटे दीर हळूच म्हणाले.

आत भांडी घासता घासता माझा हात थांबला. भाऊजी कुलपं दुरुस्त करायचे. बायको गेल्यापासून घरात त्यांचा आवाज म्हणून नव्हता. रविवारी लोकांना सायकल शिकवायची, एवढ्यानेच माणूस माणसांत होता. तेही गेलं तर?

गट तरी कसला! एका टोकाला वाऱ्याशी पैज लावणारा हा कारकून, दुसऱ्या टोकाला पन्नाशीत पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या नर्सबाई. मधे सगळा किरकोळ माल.

भाऊजींनी तोड काढली. पुढच्यांनी हवं तेवढं सुटावं, पण पुलापाशी उलट फिरून शेवटच्याला गाठावं आणि त्याच्या मागे लागून परत पुलाकडे यावं. शेवटच्याला ओलांडायचं मात्र नाही. पळणाऱ्याला दुप्पट घाम, रेंगाळणाऱ्याला सोबत. कारकून कुरकुरला, पण आला.

त्या रविवारी भाऊजी स्वतः पुलावर उभे राहून एकेकाला वळवत होते. नर्सबाईंना मात्र हे सांगायचंच राहिलं. समोरून सगळेच परत येताना दिसले, तशी बाईंना वाटलं, आजचं आटोपलं. त्यांनी सायकल वळवली आणि निघाल्या घरी. नियम तो नियम! अख्खा गट मुकाट्याने त्यांच्या मागे, थेट त्यांच्या दारापर्यंत.

"अगबाई, सगळे माझ्याकडे कसे?"

"तुमच्या पुढे जायची बंदी आहे ना," कारकून म्हणाला. "आता निदान चहा तरी टाका!"

घरी येऊन हे सांगताना भाऊजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळली. बरं वाटलं मला.

गट टिकला. नर्सबाई टेकडीसुद्धा चढल्या. पुढे कितीतरी कच्चे आले, पिकले. भाऊजी म्हातारे झाले, दम लागायला लागला.

"डॉक्टर नको म्हणालेत ना?" मी त्या शेवटच्या रविवारी विचारलं.

"त्यांना कुठे सायकल येते, वहिनी!"

त्या दिवशी शिंप्याची नवी सून सगळ्यात मागे होती. तिला फाटकापर्यंत पोचवून, आतून कडी लागल्याचं ऐकून मगच ते परतले. साखळी पुसली, सायकल भिंतीला लावली.

"पोचले सगळे, वहिनी," म्हणाले, आणि जरा आडवे झाले.