मधली धूळ

शेळगावच्या सावळाराम आबांची लेक स्वरूपा पुण्यातल्या एका संस्थेत क्वेसारच्या प्रकाशावर पीएच.डी. करायची. सुट्टीला आली की डाळिंबं तोडता तोडता आबांना सांगायची, "क्वेसार म्हंजी लई लांबच्या दीर्घिकेचा पेटलेला गाभा. त्याचा उजेड थरथरत येतो. कुठल्या दिशेनं थरथरतो, ते मी मोजते. त्याला ध्रुवीकरण म्हणत्यात. पण वाटंत आपल्याच आकाशगंगेची धूळ हाय. तीबी उजेडाला आपला कल देती."

"मग खरा कल कंचा, कसं कळायचं?"

"त्येच तर अवघड हाय, आबा."

तिचे मार्गदर्शक रणजित सर. आकाशाच्या एका पट्ट्यात सगळ्या क्वेसारचा कल सारखाच आहे, असा त्यांचा शोध गाजत होता. विश्वालाच एक दिशा आहे, म्हणून ते व्याख्यानं देत फिरत. स्वरूपाला शंका आली. तिनं त्याच पट्ट्यातले आपल्या आकाशगंगेतले तारे मोजले. त्यांचाही कल तोच निघाला. म्हणजे ती विश्वाची दिशा नव्हतीच, मधल्या धुळीची होती. तिनं ही मोजणी सरांना दाखवली.

"या शोधावरच्या पुढच्या शोधनिबंधावर तुझंही नाव आहे," सर म्हणाले. "गप्प राहण्यात तुझंच भलं आहे."

"मग माझं नाव काढा, सर."

त्यांनी काढलं. तिची मोजणी छापायला परवानगी दिली नाही, आणि तिच्या प्रगती अहवालावर सही करणंही बंद केलं. शिष्यवृत्ती थांबली. स्वरूपा घरी आली. 'पुण्यात डोकं चाललं न्हाय पोरीचं,' गावानं ठरवून टाकलं. ती बारामतीत खासगी क्लासवर शिकवू लागली.

यंदा परदेशातल्या एका गटानं तेच तारे मोजले आणि धुळीचंच नाव घेतलं. रणजित सरांनी लगोलग स्वतःची दुरुस्ती छापली. केवढा प्रामाणिकपणा, म्हणून त्यांचं कौतुक झालं. स्वरूपानं फोन केला.

"सर, ही मोजणी मी तुम्हाला आधीच दाखवली होती."

"दाखवली असशील," ते शांतपणे म्हणाले. "पण छापली कुठं होतीस?"

आबा शेजारीच बसले होते. "काय म्हनलं? तू खरी ठरलीस न्हवं?"

"व्हय."

"मग बोलावत्याल की परत."

"न्हाय, आबा. आता त्यांना माझी गरज न्हाय."

आबांना ते पटलं नाही. आठवडाभर ते पारावर सांगत फिरले, पोरगी खरी निघाली म्हणून. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "मग क्लासवरच हाय का अजून?"

शेवटी तिनंच त्यांना सांगितलं, "आबा, आता कुणाला सांगू नगा."