उजवा पाय आधी

मी कोर्टाकडे पाठ करून टेप कापत होते. मागे कोणीतरी रिबाउंड घेतला, म्हणजे बास्केट हुकलेला बॉल वरच्या वर उडी मारून पकडला. आणि मला अनघा खाली उतरल्याचा आवाज आला.

धप्. मग अगदी किंचित उशिराने, टक्.

उजवा पाय आधी, डावा मागून. असं उतरणारी एकच मुलगी मला माहीत होती. ती पाच वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये पडली, तिच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि त्यानंतर ती इथे परत आलेली नव्हती.

मी वळून पाहिलं. बॉल मोनालीच्या हातात होता. तिला फ्री थ्रो मिळाला होता, म्हणजे कोणी न अडवता रेषेवर उभं राहून बास्केट करायची संधी. ती रेषेवर गेली, वाकली, डाव्या गुडघ्याच्या वर तळवा ठेवला आणि खाली दोनदा पुसल्यासारखं केलं. मग बॉल टाकला. बास्केट झाली. हेही अनघाचंच.

कात्री माझ्या हातात तशीच राहिली. भर सकाळ होती. हॉलमध्ये बारा मुली होत्या आणि बाकी कोणालाच काही वेगळं वाटलं नव्हतं.

मी फिजिओ आहे. पुण्यातल्या एका बास्केटबॉल अकॅडमीत नऊ वर्षं काम करते. माझे वडील बल्लारशाला मालधक्क्यावर हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी सांगायला लागले की थांबत नाही, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. पण पावलांचे आवाज ओळखायला मला कॉलेजने शिकवलेलं नाही. संध्याकाळी वडील गल्लीत शिरले की त्या दिवशी सिमेंट उचललं की धान्य, हे मी आतूनच सांगायचे. त्यामुळे त्या सकाळी माझी ऐकण्यात चूक झाली असेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही.

मोनाली लोणी काळभोरची. शाळेत उंच उडी मारायची. सतराव्या वर्षापर्यंत तिने बास्केटबॉल हातात धरला नव्हता. आमच्याकडे अशा मुलांना ‘रॉ’ म्हणतात. शरीर तयार, खेळ शून्य. उंची सहा फूट, हात लांब, उडी अशी की पहिल्या दिवशी आमचे हेड कोच लिमये सर हातातला चहा प्यायचे विसरले. पण बॉल घेऊन धावायचं म्हटलं की ती बॉल पोटाशी धरून धावायची. बाकीच्या मुली हसायच्या. ती पण हसायची.

रॉ मुलीला शिकवायची सरांची एक पद्धत होती. रोज दुपारी वीस मिनिटं जुन्या क्लिप बघायच्या, मग बॉल न घेता त्या हालचाली जशाच्या तशा करायच्या. याला शॅडो म्हणतात. आणि मोनालीला नकला करायचा नाद. गावातल्या प्रत्येक मास्तरची चाल ती करून दाखवायची. सरांनी तिला क्लिप दिल्या त्या सगळ्या अनघाच्या. तिच्याइतकी चांगली सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू, अकॅडमीत दुसरी झाली नाही.

दीड वर्षात मोनाली अशी काही खेळायला लागली की एका मोठ्या सरकारी खात्याच्या टीमने तिला ट्रायलला बोलावलं. तिथे निवड म्हणजे नोकरी, पगार आणि खेळ. तिच्या घरात आजवर कोणालाही महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला नव्हता. वडील टेम्पो चालवायचे. ट्रायलला सात आठवडे होते.

त्या सकाळनंतर मी तिच्यावर लक्ष ठेवलं. बाकावर बसताना ती डावा पाय लांब करायची. बूट घालताना आधी उजवा. जिना उतरताना कठड्यावर दोन बोटं. अनघा अशीच होती. पण यातलं निम्मं तर क्लिपमध्ये नव्हतंच. क्लिपमध्ये जिना कुठून येणार?

मी तिला खोलीत बोलावलं. डावा गुडघा दुखतो का विचारलं.

“नाय मॅडम,” ती म्हणाली. मान जराशी कलती करून, माझ्याकडे न बघता. अनघाने पाच वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवर बसून असंच सांगितलं होतं. माझ्या जुन्या फॉर्मवर तेव्हाची माझ्या हातची नोंद आहे. तक्रार : नाही.

मी बॉक्स मांडला. ही आमची साधी टेस्ट. फूटभर उंचीच्या खोक्यावरून खाली उतरायचं आणि लगेच उडी मारायची. मी समोरून मोबाइलवर शूट करते. मोनाली अकॅडमीत आली त्या आठवड्यातला तिचा व्हिडिओ माझ्याकडे होता. त्यात दोन्ही पाय एकदम टेकतात, गुडघे सरळ. आता उजवा आधी टेकत होता, सगळं वजन त्याच्यावर जात होतं आणि गुडघा आत वळत होता. असा आत वळलेला गुडघा एखाद्या दिवशी फाटतो. मांड्या मापल्या. डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक भरली. जो पाय माणूस दुखतो म्हणून वापरत नाही, तो असा बारीक होतो. हिचा तर दुखत नव्हता. मी तपासून तपासून थकले. गुडघ्यात काहीच नव्हतं.

धडधाकट मुलीच्या अंगाला दुसऱ्याच कोणाचा तरी पाय होता. मी मापाची टेप गुंडाळून ठेवली आणि हात धुतले. का धुतले, माहीत नाही.

जाताना मोनालीने दारात थांबून विचारलं, “मॅडम, ती शेवटची क्लिप हाय ना, अनघाताई वर उडी मारते ती. त्याच्या पुढं काय हाय?”

ती क्लिप मला माहीत होती. अनघा पडली त्या मॅचची. तिची सर्वांत उंच उडी त्यातच होती, म्हणून सरांनी ती अनघा पडण्याच्या आधीच कापून ठेवून दिली होती.

“का गं?”

“नाय, ताई खाली येतच नाय त्यात. मी लय वेळा बघितली. वरच राहते.”

मी लिमये सरांकडे गेले. मोनाली अनघासारखी उतरते, असं सांगितलं.

“उत्तम. म्हणजे शिकवणं पोचलंय.”

“सर, अनघाचा गुडघा असा उतरूनच गेला.”

“तो अपघात होता. अहो, आपण फिजिओ आहात. आपण स्नायू बघा. भुतं बघायला वेगळा माणूस ठेवू.”

पुण्यात एवढं बोलून झालं की संभाषण संपलेलं असतं. मी बाहेर आले आणि अनघाला फोन लावला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. तिने फार काही विचारलं नाही. “रविवारी या, मुलीला घेऊन या,” एवढंच म्हणाली.

अनघा धायरीला राहते. एका कंपनीत एचआरमध्ये आहे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळचे दहा वाजले असतील. मोनाली पुढे चढत होती, मी एक मजला मागे. वरचं दार आमच्यासाठी उघडं ठेवलेलं होतं. मोनाली शेवटच्या पायऱ्यांवर असताना आतून, स्वयंपाकघरातून, अनघाच्या आईंचा आवाज आला.

“अनघा, दूध आणलंस का गं?”

मग घरातूनच दुसरा आवाज. “आई, मी इथेच आहे.”

मी वर पोचले तेव्हा तिघी बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. आई ओट्याचं फडकं हातात घेऊन जिन्याकडे बघत होत्या. मोनाली चप्पल काढायची विसरली होती. ऑपरेशननंतर अनघाची चाल बदलली, हे मला माहीत होतं. जिन्यावरचं ते जुनं पाऊल आईंनी पाच वर्षं ऐकलेलं नव्हतं. “ही पूर्वी अशी यायची,” त्या मला म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा त्यांनी अनघाच्या हाती पाठवला.

अनघाने मोनालीला खोलीतच थोडं चालायला लावलं. फ्री थ्रोची नक्कल करायला लावली. मोनाली वाकली, डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला, दोनदा पुसलं.

“हे काय?” अनघाने विचारलं.

“फ्री थ्रोच्या आधीचं. तुमचंच हाय ना ताई.”

अनघाने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “ते फ्री थ्रोचं नव्हतं. गुडघा ठणकायचा. दाबला की दोन सेकंद थांबायचा. तेवढ्यात बॉल टाकून घ्यायचे.”

“डावा?” मी विचारलं. “पण फाटला तो उजवा.”

“डावा टेकवायची भीती वाटायची मॅडम. म्हणून सगळं उजव्यावर घ्यायचे. त्या सीझनभर असंच चाललं होतं.”

“मी विचारलं होतं तुला.”

“हो. मी नाही म्हणाले. सिलेक्शन होतं.”

ती तक्रार करत नव्हती. मी खाली बघितलं. जो गुडघा फाटला त्याच्यावर मी ऑपरेशननंतर चार महिने हॉस्पिटलात जाऊन मेहनत घेतली होती. दुसऱ्याला मी नीट हातही लावला नव्हता.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. हॉलमध्ये कॅमेरा लागला तो अनघाच्या शेवटच्या सीझनला. त्याआधीची, न दुखणारी अनघा कुठेच रेकॉर्ड झालेली नव्हती. आमच्याकडे होतं ते तिचं दुखणं. तेच आम्ही टेक्निक म्हणून दीड वर्षं, रोज वीस मिनिटं, एका निरोगी मुलीला शिकवलं होतं. जिना आणि बूट मात्र क्लिपमध्ये नव्हते. पाय तसा वापरायला लागलं की बाकीचं अंग आपोआप मागे येत असणार. मी स्वतःला असंच समजावलं. अजूनही समजावते.

मोनाली रस्त्याकडे बघत होती. “मग मी काय शिकले मॅडम?” तिने विचारलं.

सोमवारी मी सरांसमोर मोनालीचे दोन्ही व्हिडिओ लावले, पहिल्या आठवड्यातला आणि आताचा. अनघा काय म्हणाली ते सांगितलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

“कॅमेरा एक वर्ष आधी बसवायला हवा होता,” ते म्हणाले. त्याच दिवशी क्लिपांचा फोल्डर त्यांनी स्वतः उडवला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. ही माफीच होती.

शिकलेलं काढायला उरलेले आठवडे पुरणार नव्हते, ट्रायल सोडावी लागणार होती. मोनालीचे वडील टेम्पो बाहेर लावून मला भेटायला आले. पोरगी पडली नाही, कुठं दुखत नाही, मग घरी कशाला बसवता, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना मांड्यांची मापं दाखवली. त्यांना ती पटली नाहीत. शेवटी मोनालीच म्हणाली, “आप्पा, त्या क्लिपमधून मला एकदा खाली येऊ द्या.” त्यांना काही कळलं नाही. पण ते उठले आणि टेम्पो घेऊन निघून गेले.

शिकलेलं काढणं हे शिकवण्यापेक्षा जड काम. मी कोर्टाकडे पाठ करून खुर्चीवर बसायचे. मोनाली बॉक्सवरून उडी मारायची. दोन पायांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे, एवढाच नियम. दोन आले की मी बोट वर करायचे. पहिला महिना माझं बोट वरच होतं. रविवारी अनघा यायची. कोर्टाच्या कडेला बसून, दुखायला लागण्याच्या आधी ती कशी उतरायची, ते तोंडी सांगायची. दाखवायला तिच्याकडेही काही नव्हतं. एकदा मी पाठमोरी असताना ‘धप्, टक्’ आलं. मी बोट वर केलं. “मॅडम, मी अजून उडी मारलीच नाय,” मोनाली म्हणाली. मी वळून पाहिलं. ती बॉक्सवरच उभी होती. अनघा पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलेली होती. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मी ते शोधलंही नाही.

पुढच्या वर्षी मोनालीने ट्रायल दिली. निवड झाली. आज ती त्या टीमची सेंटर आहे. पहिल्या पगारातून वडिलांना टेम्पोचे नवे टायर घेतले आणि मला साडी. दोन्ही गुडघे शाबूत आहेत. दर सहा महिन्यांनी मांड्या मीच मापते.

आता अकॅडमीत नव्या मुलींना मोनालीच्या मॅचच्या क्लिप दाखवतात. गेल्या महिन्यात मांजरी गावची एक नवीन मुलगी फ्री थ्रोला उभी राहिली. वाकली, डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला, खाली दोनदा पुसलं. मोनाली दमली की शेवटच्या काही मिनिटांत तिच्याकडून अजून होतं ते. या मुलीने अनघाला कधी पाहिलेलं नाही. नावही ऐकलेलं नाही.

माझ्या फॉर्मवर ‘तक्रार’ या रकान्याखाली मी आता एक रकाना वाढवलाय. कोणाचं बघून शिकलात? कुठे दुखतं हे खेळाडू सांगत नाही. कोणाचं बघून शिकलो हे मात्र अभिमानाने सांगतो. तिथून सुरुवात करायची.

त्या नव्या मुलीला बोलावलं. बॉक्स मांडला. आणि तिच्याकडे पाठ करून बसले.