बायोडाटातला हुद्दा

तुमचा बाबा फुटबॉल खेळून पोट भरायचा, हे तुम्हाला मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या या आजीच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. त्याने ते आजवर का सांगितलं नाही, याचं कारण बहुधा मी आहे.

तो फॉरवर्ड होता. आधी मालदीव, मग बांगलादेश, मग थायलंडमधले दोन छोटे क्लब. करार एकेका हंगामाचा आणि अर्धे सामने राखीव खेळाडूंच्या बाकावर. सामना संपला की तो इंदिरानगरला घरी फोन करायचा. पास कुठून आला, बचावपटू कुठे चुकला, सगळं सांगायचा. मला त्यातलं निम्मंच कळायचं.

एकदा तो सुट्टीत आला तेव्हा आम्ही त्याच्या लग्नाचं मनावर घेतलं. बायोडाटा मीच कॉम्प्युटरवर केला, नीट रकाने आखून. व्यवसायापुढे त्याने 'व्यावसायिक फुटबॉलपटू' लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, 'स्पोर्ट्स मॅनेजर, परदेश'. दरवर्षी क्लब बदलणाऱ्याला मुलगी कोण देणार, असं वाटलं. त्याला न दाखवताच द्वारका चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आणल्या.

मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी कागद बघत विचारलं, "हाताखाली किती माणसं आहेत?"

त्याने कागद मागून घेतला, वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुणी नाही, मामा. मी खेळतो. बऱ्याचदा बाकावरच असतो."

"मग हे मॅनेजर?"

"टाइप करताना चूक झाली असेल."

मी बशीतले पोहे चमच्याने सारखे करत बसले.

मुलीनेच विचारलं, "यंदा गोल किती केले?"

"चार. त्यातला एक माझ्या पाठीला लागून आत गेला."

ती हसली. तीच तुमची आई.

लग्न झालं, म्हणून माझं खोटं झाकलं गेलं. तो आणखी तीन हंगाम खेळला. फोन करायचा, पण फक्त माझ्या रक्तदाबाची चौकशी करायचा. सामन्यांचं मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी माफी मागावी लागली असती.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तोच वाचून दाखवेल. तर बाळा, चूक टायपिंगची नव्हती. मला तुझ्या कामाची लाज वाटली होती. हे वाक्य गाळू नकोस, मुलांनाही वाचून दाखव.