वास गेला तेव्हा

माझा थोरला भाऊ गुळव्या होता. गुऱ्हाळात उसाचा रस उकळून घट्ट होत आला की काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, चुलवणावरून नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. जरा उशीर झाला की गूळ करपतो. इतर गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते बघत. दादाही बघायचा, पण ते मालकाच्या समाधानासाठी. त्याला वासावरून आधीच कळलेलं असायचं.

मी शहरात, राजारामपुरीत, एका क्लासमध्ये गणित शिकवत होतो. दादा मला 'मास्तर' म्हणायचा, निम्मं कौतुकानं, निम्मं चेष्टेनं.

नव्वदचं दशक संपता संपता तो आजारी पडला. नाकातून रक्ताच्या खपल्या पडायच्या, मग थुंकीतूनही रक्त यायला लागलं. गावानं क्षय ठरवून टाकला. माझ्या घराजवळच्या एका डॉक्टरांनी खरं निदान केलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांवर उठते, त्या सुजतात. नाक, फुप्फुस, किडनी, कुठंही हे होऊ शकतं. गोळ्यांनी दादा सावरला आणि पुढच्या हंगामात काहिलीपाशी उभाही राहिला. पण डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "हा आजार परत उलटतो. ते वेळेत ओळखलं, तरच किडन्या वाचतील."

ओळखायचं कसं? एक रक्ततपासणी होती, नमुना मुंबईला जायचा आणि आठ-दहा दिवसांनी आकडा यायचा. डॉक्टर म्हणाले होते, "आकडा वाढला म्हणजे आजार उलटलाच असं नाही, आणि नाही वाढला म्हणून निर्धास्तही राहू नका. दर महिन्याला लघवी तपासा. त्यांना काय वाटतंय ते विचारत राहा."

एवढ्या सगळ्यातून मी फक्त आकडा उचलला. आलेखाच्या कागदावर दर तीन महिन्यांनी एक ठिपका द्यायचो आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रेघ खाली खाली येत होती. मुंबईची एवढी मोठी तपासणी असताना लघवीची साधी तपासणी कशाला, असं वाटून ती मीच बंद केली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि दसऱ्याच्या मागंपुढं दादाच्या हातून काहील करपली. आयुष्यात पहिल्यांदा. गुऱ्हाळावर चेष्टेला ऊत आला. चुलवणात चिपाडं घालणारा म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "गुळव्या, आता तू जाळ घाल, मी काहील बघतो!"

दिवाळीला तो वहिनींबरोबर माझ्याकडं आला, तेव्हा हसतच सगळं सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मास्तर, मला वासच येईना झालाय बघ."

"सर्दी असंल," मी म्हणालो.

वहिनी चहा गाळत होत्या. त्या वळल्या. "भावजी, लघवीलाबी फेस येतोय ह्यांच्या. सर्दीनं फेस येतो व्हय?"

मी कपाट उघडून त्यांना आलेख दाखवला. शेवटचा ठिपका सगळ्यांत खाली होता. दादानं रेघेवरून बोट फिरवलं. "एवढं चांगलं हाय म्हंतोस? मग न्हाय काय झालेलं," असं म्हणून तो लाडू खायला लागला. त्याचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता.

महिन्याभरात त्याचे पाय सुजले. गावाकडून गडहिंग्लजच्या एसटीनं आला तो चप्पल हातात धरूनच. दोन्ही किडन्यांना इजा झाली होती. त्यांचं निम्मं काम वाचवता आलं, निम्मं गेलं ते गेलंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही लक्षण? नाक, वास, लघवी?"

दादा खाटेवर होता, मी शेजारी. मी म्हणालो, "नाही. तसं काहीच नव्हतं."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग मान खिडकीकडं वळवली.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे यांचा आजार सूचना न देता उलटतो. मग गोळ्या लवकर कमी करून चालणार नाही."

माझ्या त्या एका वाक्याची शिक्षा दादा भोगत होता. जास्त गोळ्यांनी त्याचा चेहरा फुगला, साखर वाढली. तरी मी डॉक्टरांना खरं सांगितलं नाही. एका रविवारी गावी गेलो, तर चहाची बशी त्याच्या हातात अशी थरथरत होती की निम्मा चहा धोतरावर सांडला. वहिनींनी बशी काढून घेतली आणि त्याच्या ओठाला लावली. ज्या हाताच्या इशाऱ्यावर काहील उतरायची, तो हात मांडीवर पडून होता.

सोमवारी मी एकटाच डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. बंद केलेली लघवीची तपासणीही. मला वाटलं होतं ते हाकलून देतील. त्यांनी पेन उघडलं. "वास नेमका कधी गेला होता?"

आकड्यांची एवढी हौस असलेल्या मला ते माहीत नव्हतं. गावी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "काहील करपायच्या आदी चार दिस, भावजी. दिवाळीला सांगिटलं की तुम्हाला."

डॉक्टरांनी केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईनं लिहिलं: वास गेला की लगेच लघवी तपासणे. त्या महिन्यापासून गोळ्या हळूहळू उतरल्या.

दादाची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "तू खोटं बोललास ते तवाच कळलं की मला. डॉक्टरम्होरं धाकट्या भावाला खोटं पाडू व्हय?" मला तो रागावलेला चालला असता.

पुढं तो गुऱ्हाळावर गेला नाही, पण वहिनी रोज सकाळी गुळाचा खडा त्याच्या नाकाशी धरत. तीन वर्षांनी एका सकाळी सातला फोन वाजला.

"मास्तर, वास गेला."

आदल्याच आठवड्यात मुंबईचा आकडा आला होता. चांगला होता. मी कपाट उघडलं नाही. "मिळंल त्या एसटीत बस," म्हणालो, "मी स्टँडवर थांबतो."

लघवीत नुकतंच रक्त दिसायला लागलं होतं. औषध त्याच दिवशी सुरू झालं. उरलेलं निम्मं या वेळी वाचलं.