पऱ्हाटी असूच शकत नाही

अकोटच्या शाळेत आम्हाला भूमिती शिकवणाऱ्या अन्सारी सरांचं नाव आधी घेतो. त्या दिवशी स्क्रीनवर आलेलं वाक्य मी घाबरून पुसलं नाही, ते त्यांच्यामुळे. वाक्य इंग्रजीत होतं. अर्थ असा: पऱ्हाटी नावाची वस्तू असूच शकत नाही.

मी अमरावतीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. ती वर्षं शेतीला वाईट होती. पावसानं ताण दिला होता, पेरलेलं करपलं होतं. दुबार पेरणीसाठी कोणत्या गावाला कोणतं बियाणं, ही यादी आमच्याकडून जायची होती. पुढच्या पावसाआधी बियाणं पोचलं नाही, तर वावर पडीक राहणार.

माहिती वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये होती. त्यातून आम्ही ऑन्टॉलॉजी बांधली होती. ऑन्टॉलॉजी म्हणजे शब्दांचा गोतावळा. ज्वारी हे पीक, पीक वावरात, वावर गावात. कॉम्प्युटरला अर्थ कळत नाही. नाती सांगितली की त्यावरून तो पुढचं ताडतो. ही नाती आपसात भांडत नाहीत ना, हे तपासणाऱ्या प्रोग्रामला रिझनर म्हणतात. स्क्रीनवरचं ते वाक्य त्याचंच; तो जे अशक्य ठरवेल ते यादीत येत नसे. त्यामुळे अकोटकडच्या गावांपुढे कापसाच्या बियाण्याचा रकाना कोरा होता.

कुलकर्णी मॅडम आमच्या प्रमुख, पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "गजानन, यादी आज जायची आहे. जो नियम आडवा येतोय तो काढून टाक."

"मॅडम, मग हा गप्प बसेल. पण बरोबर झालं असं नाही होणार."

अन्सारी सर अप्रत्यक्ष सिद्धता, म्हणजे उलटं गृहीत धरून चूक दाखवणं, शिकवताना फळ्यावर 'विसंगती' लिहायचे आणि थांबायचे. "खोडू नको बेटा. कोठी अडलं ते पाय. रस्ता तिथूनच निघते."

मी पाहिलं. रिझनर कारण पायरीपायरीने सांगतो. पऱ्हाटी हे पीक आहे. हे पेरणीच्या डेटाबेसमधून. पऱ्हाटी हे जळण आहे; हे चुलींच्या पाहणीतून. आणि जे पीक ते जळण नव्हे; हा नियम आमचाच.

मी बघतच राहिलो. या प्रोग्रामने काळी माती पाहिली नव्हती, बोंड फोडलं नव्हतं. तरी तो नुसत्या नात्यांवरून चालत थेट आमच्या अंगणात, सरपणाच्या ढिगापाशी येऊन उभा राहिला होता.

खात्रीसाठी अकोटच्या कृषी सहायकांना फोन लावला.

"पेरणीच्या रकान्यात पऱ्हाटी म्हणजे कापूसच ना?"

"मंग काय तूर लिवू? लोकं बोलते तेच लिवलं. तुमची मशीन पुण्याची हाय काय, भाऊ?"

मॅडमना सांगितलं, "कापसाच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. कापूस वेचून झाला की तीच उपटून चुलीत."

"म्हणजे एका शब्दाच्या दोन वस्तू?"

"वस्तू एकच, मॅडम. आधी पीक, मग जळण."

त्या म्हणाल्या, "मग चूक शब्दाची नाही. आपण काळ लिहायला विसरलो."

नियम ठेवला. पऱ्हाटीला दोन अवस्था दिल्या, उभी आणि उपटलेली. रिझनर पुन्हा चालवला. तो काही बोलला नाही. अकोटच्या गावांपुढे कापूस आला, आणि संध्याकाळी यादी गेली. बियाणं पावसाआधी पोचलं.

धडा एवढाच: मशीन अडली की आधी तिचं ऐकून घ्यावं, मग गावाला फोन करावा.

पोळ्यानंतर सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सादर प्रणाम. आपण फळ्यावर लिहीत होता तसं एका यंत्राने लिहिलं, की पऱ्हाटी असूच शकत नाही. मी खोडलं नाही. काल अकोटला आलो होतो. आपण गावाला गेल्याचं कळलं. एसटीतून दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी दिसत होती, गुडघ्याच्या वर आलेली. आपला विद्यार्थी, गजानन."