टिंगमामाची कंपनी

मुलांनो, टिंगमामा समोरच्या एकट्या माणसाशी बोलतानासुद्धा शंभर जणांना कळवल्यासारखा बोलायचा. "चहा मिळाला. आलं छान. साखर कमी. आभारी." एवढं झालं की ओठ मिटायचे. बोलताना डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा, कारण तो अक्षरं मोजत असे. मराठी मेसेज सत्तर अक्षरांत संपवावा लागतो, पुढे गेला की त्याचे दोन धरले जातात, हे मला त्यानेच सांगितलं. "बाई, सत्तरात मावत नाही ते बहुतेक गरजेचं नसतं," असं त्याचं म्हणणं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलांना सविस्तर उत्तरं लिहायला लावली. मला हे पटायला वेळ लागला.

तो मूळचा नेवाशाकडचा. नागापूरच्या एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडून त्याने सावेडीतल्या आमच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली आणि तिथे कंपनी काढली. तेव्हा मोबाईलवर इंटरनेट सगळ्यांच्या हाती आलेलं नव्हतं. त्याच्या एका नंबरवर मेसेज टाकला की तो ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर जायचा. कुणी उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना. साधा बटणांचा फोन पुरे. तुमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पण तुम्ही विकता काय?"

"हाक मारायची सोय," तो म्हणाला.

तुम्ही त्या उन्हाळ्यात आला होतात. जेवणाच्या टेबलावर त्याने घरातले सगळे फोन ओळीने मांडले, खोलीत जाऊन एक बटण दाबलं आणि सगळे एकदम टिंग करून वाजले. तुम्ही टाळ्या पिटल्यात. त्याचं खरं नाव तिथेच मागे पडलं.

पहिला ग्रुप आमच्या चर्चच्या महिला मंडळाचा झाला. मग नेवाशाकडचे त्याचे गाववाले आले, दूध संकलनाचे लोक आले. पण त्याचा जीव होता तो जामखेडच्या पलीकडच्या एका वस्तीच्या ग्रुपवर. तिथल्या बचत गटाची यमुनाआक्का हे त्याचं सर्वांत लाडकं गिऱ्हाईक. वस्तीला पाणी टँकरने यायचं आणि टँकरला वेळ नव्हती. ज्या बाया कांद्याच्या रानात खुरपायला गेलेल्या असत त्यांना टँकर गेल्यावर कळायचं. आता टँकर भरला की ड्रायव्हर "निघालो" एवढंच पाठवी आणि वस्तीतल्या प्रत्येकीच्या कमरेचा फोन वाजे. आक्का एकदा नगरला दवाखान्यात आली तेव्हा मुद्दाम घरी येऊन सांगून गेली, "मावशी, ह्या भाऊनं काय इहीर खांदून दिली न्हाई, पर त्येच्यापरीस कमी बी न्हाई."

मग त्या वस्तीवरचे एक म्हातारे गुरुजी वारले. सकाळी त्यांच्या मुलाने ग्रुपवर कळवलं आणि एकेकाचं "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं. आपल्याकडे मयताला गेलो नाही तर चालत नाही, आणि गेलो ते कुणाला दिसलं नाही तर तेही चालत नाही. प्रत्येकाची श्रद्धांजली प्रत्येकाच्या फोनवर निघाली. त्या रांगेत ड्रायव्हरचं "निघालो" अडकलं आणि पोचलं ते टँकर रिकामा होऊन परत फिरल्यावर. वस्तीतल्या निम्म्या घरांत त्या दिवशी पाणी भरलं गेलं नाही.

टिंगमामा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्याच ग्रुपना नियम लावला: श्रद्धांजल्या एकेक जाणार नाहीत, संध्याकाळी सगळ्यांची मिळून एकच जाईल. मला वाटलं, किती व्यवस्थित तोडगा. मी त्याला तसं म्हणालेही.

पुढचं मयत त्याच्याच भावकीत झालं. त्याने श्रद्धांजली तयार केली. सत्तर अक्षरांत चार नावं बसली, म्हणून पुढे "व इतर" लिहून पाठवली.

दोन दिवसांनी नेवाशाहून त्याचे चुलते आले. पायातल्या वहाणाही न काढता पायरीवर उभे राहिले.

"मी इतर हाय व्हय रं?"

"आबा, जागा नव्हती."

"शिरप्याला जागा हुती. तिरडी मी बांधली, अन् नाव शिरप्याचं."

"त्याचा मेसेज आधी आला, आबा."

"मंग मी तिरडी बांधायची, का फोन दाबीत बसायचं?"

आजोबांनी खुर्ची पुढे केली. आबा बसले, पाणी प्यायले, माझ्याशी पावसापाण्याचं बोलले. त्याच्याशी नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आमचे नंबर काढून टाक."

नंबर जाऊ लागले. कुठल्याही चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघा, शेवटच्या ओळीपर्यंत नावं खच्चून भरलेली असतात. "व इतर" तुम्हाला सापडणार नाही. टिंगमामाने नियम मागे घेतला, घरोघर माफी मागितली, पण तोवर मोठ्या स्क्रीनचे फोन स्वस्त झाले होते. त्यावर ग्रुप फुकट होते आणि हवे तेवढे जोडलेले हात पाठवता येत होते. चर्चच्या बायकाही तिकडे गेल्या. रोज संध्याकाळी तो आमच्या पायरीवर बसे. आजोबा त्याला नागापूरला परत जा म्हणत, मी खायला देई. दोन्हीचा उपयोग नव्हता.

शेवटी फक्त आक्काचा ग्रुप राहिला. तिथल्या बायांकडे बटणांचेच फोन होते आणि नेट वस्तीपर्यंत येत नव्हतं. "एवढा एक चालला तरी कंपनी चालू आहे," तो म्हणायचा. मग मोबाईल कंपन्यांचा नवा नियम आला. ग्रुपवर जाणाऱ्या मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, कुणाच्या फोनवरून आलेलं तसंच पुढे पाठवायचं नाही, मनाने काही लिहायचं नाही. माणसांनी मनाने लिहावं यासाठीच तर त्याने सगळं केलेलं. त्याच्यासाठी सूट मागणारा इंग्रजी अर्ज मी लिहिला. त्यात खाडाखोड नव्हती, मुद्दे क्रमाने होते. उत्तरात तोच नियम पुन्हा छापून आला. दुसऱ्या अर्जालाही तोच. नंबर बंद होण्याचा दिवस ठरला.

"हे मेसेजने कळवायचं नाही," तो म्हणाला. म्हणून मी गाडी काढली. आष्टी मागे पडली तरी तो खिडकीबाहेरच बघत होता.

आक्का रानातून हात पुसत आली. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"म्हंजी फोन वाजनार न्हाई?"

"नाही, आक्का."

"आमचं काय चुकलं का?"

"तुमचं काही नाही."

"मंग वरच्या कुनाला सांगून बगा की. ह्या मावशी शिकलेल्या हायेत."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की अर्ज मीच लिहिले होते. आक्काने मान हलवली. कुणी दुखण्यातून उठणार नाही असं कळल्यावर हलवतात, तशी.

तिच्या सुनेने तांब्याभांडं आणलं. "घ्या भाऊ," आक्का म्हणाली, "कालचंच हाय. तुमचा मेसेज आला म्हनून भरलं." तो नको म्हणू शकला नाही. सावकाश, थेंबही न सांडता त्याने भांडं संपवलं.

"बरं, परवाच्याला टँकर कवा येनार, एवडं तरी आत्ताच सांगून ठिवा."

ते आधी ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.  टिंगमामाने भांडं खाली ठेवलं. सुनेने ते उचललं आणि न विसळताच तांब्यावर पालथं घातलं.